पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या रात्री म्हटली जाणारी अहिराणी गाणी तुम्हाला चोपडा तालुक्यातल्या तुमच्या गावी रात्रभर ध्वनिमुद्रित करायची आहेत. त्यासाठी तुम्ही झूम कंपनीचा एच४एन हा जुना रेकॉर्डर घेतला, पण त्याचा मूळ अडॅप्टर मिळाला नाही. जळगावच्या एका दुकानदाराने 'हा झूमचाच आहे' असे सांगून ९ व्होल्टचा एक अडॅप्टर दिला आणि तो लावावा की नाही अशी शंका तुम्हाला आली. शंका आली हे फार चांगले झाले, कारण तो अडॅप्टर एच४एनला लावायचा नाही. कंपनी तीच असली आणि नावात एकाच अक्षराचा फरक असला तरी लावायचा नाही.

दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. एच४एन हा २००९ सालचा रेकॉर्डर आहे आणि त्याच्या आधी याच कंपनीचा एच४ नावाचा रेकॉर्डर होता. त्या जुन्या एच४ला एडी-०००६ हा अडॅप्टर लागत असे, जो ९ व्होल्टचा असून त्याच्या पिनेच्या आतल्या भागावर ऋण आणि बाहेरच्या भागावर धन असते. एच४एनला एडी-१४ लागतो. तो ५ व्होल्ट, १ ॲम्पिअरचा असून त्यात आत धन आणि बाहेर ऋण असते. म्हणजे नावात 'एन' वाढला, तेवढ्यात व्होल्टेज जवळपास निम्मे झाले आणि धन-ऋणाची जागाही उलटली. दुकानदाराने एच४ ऐकले, 'एन' ऐकला नाही, किंवा त्याला तो महत्त्वाचा वाटला नाही. हा घोळ एका कंपनीपुरता नाही. कॅसिओच्या जुन्या कीबोर्डांना लागणारा ९ व्होल्टचा एडी-५ आत ऋण असलेला आहे, आणि नंतरच्या कीबोर्डांना लागणारा साडेनऊ व्होल्टचा अडॅप्टर आत धन असलेला आहे. भजनी मंडळात हे दोन्ही एकाच पेटीत ठेवलेले मी पाहिले आहेत आणि ते पाहून दरवेळी पोटात गोळा येतो.

म्हणून अडॅप्टर शोधताना पहिले काम दुकानात जाण्याचे नसून यंत्र उलटे करून पाहण्याचे आहे. रेकॉर्डरच्या पाठीवर, सेलच्या खणाच्या झाकणाजवळ किंवा 'डीसी इन' लिहिलेल्या छिद्राशेजारी अगदी बारीक अक्षरांत व्होल्टचा आकडा आणि एक लहानशी आकृती असते. मधोमध एक भरीव ठिपका, त्याभोवती एका बाजूने उघडे राहिलेले वर्तुळ आणि दोहोंपासून निघालेल्या दोन रेषा असे तिचे रूप असते. एका रेषेच्या टोकाला अधिक आणि दुसऱ्या रेषेच्या टोकाला उणे हे चिन्ह असते. ठिपक्याकडे जाणारी रेषा अधिकाची असेल तर 'आत धन', उण्याची असेल तर 'आत ऋण'. चिन्ह घासून गेले असेल तर मोबाइलने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहावा. चाळिशी लागलेल्या माणसाला भिंगापेक्षा हा उपाय सोपा पडतो. तशीच आकृती अडॅप्टरच्या अंगावरही असते. दोन्ही आकृत्या एकसारख्या असल्याच पाहिजेत. यात 'चालून जाईल' हा पर्याय नाही.

आता व्होल्ट आणि ॲम्पिअर यांविषयी लिहितो, कारण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांचाही गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. आपल्याकडे शेतात ठिबक सगळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून त्याचाच दाखला देतो. ठिबकच्या नळ्यांना ठराविक दाबाचे पाणी लागते. दाब कमी पडला तर शेवटच्या केळीच्या बुंध्याशी पाणी पोहोचत नाही आणि फार वाढला तर जोड निसटतात. व्होल्टेज म्हणजे हा दाब आणि तो यंत्राने मागितला तितकाच असावा लागतो. मात्र पाणी ज्या टाकीतून येते ती टाकी किती मोठी आहे, याने नळीला काही फरक पडत नाही, फक्त ती गरजेपेक्षा लहान नसावी. ॲम्पिअरचा आकडा म्हणजे ही टाकी. रेकॉर्डरला ५ व्होल्ट, १ ॲम्पिअर हवे असेल तर ५ व्होल्ट, २ ॲम्पिअर किंवा ३ ॲम्पिअरचा अडॅप्टर निर्धास्त चालतो, कारण यंत्र आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढते. '३ ॲम्पिअर जास्त होतील, आतली सर्किट जळेल' असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचे ऐकू नये. उलट ३०० मिलिॲम्पिअरचा अडॅप्टर १ ॲम्पिअर मागणाऱ्या यंत्राला लावला तर तो तापतो, त्याचे व्होल्टेज खाली बसते आणि रेकॉर्डिंग चालू असतानाच यंत्र बंद पडते. बाहेरचे कंडेन्सर माइक लावून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकला त्याच्याच वायरीतून दिली जाणारी वीज, चालू केला की एच४एन नेहमीपेक्षा जास्त प्रवाह घेतो, म्हणून तुम्ही तर ॲम्पिअरमध्ये कंजुषी करूच नका.

अडॅप्टरवर आणखी एक गोष्ट पाहायची असते, ती म्हणजे 'आउटपुट'च्या पुढे डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) लिहिले आहे की एसी (दिशा बदलत राहणारी वीज). काही अडॅप्टर दिसायला अगदी तसेच असतात, वजनदार काळा ठोकळा आणि तीच गोल पिन, पण त्यांच्यातून एसीच बाहेर पडते, कारण ते विशिष्ट मिक्सरसाठी किंवा इफेक्ट यंत्रासाठी बनवलेले असतात. डीसीच्या चिन्हात एक सरळ रेष आणि तिच्याखाली तुटक रेष असते. एसीच्या चिन्हात नागमोडी रेष असते. 'इनपुट'पुढची नागमोडी रेष पाहून घाबरू नका, ती भिंतीतल्या २३० व्होल्टची आहे.

इतके सगळे जुळल्यावर मग पिन. 'पिन बसनी ना भो, मंग चालीच,' असे दुकानात हमखास ऐकू येते आणि माझ्या टेबलावर आलेल्या जळक्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांचा इतिहास याच वाक्याने सुरू होतो. बाजारात सर्वाधिक दिसणारी गोल पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर जाडीची असते, पण तिच्या आतले भोक २.१ मिलिमीटरचे किंवा २.५ मिलिमीटरचे असते. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही. २.१ची पिन यंत्राच्या छिद्रातल्या २.५च्या खुंटीवर जातच नाही, त्यामुळे निदान आपल्याला कळते तरी. २.५ची पिन मात्र २.१च्या खुंटीवर अलगद जाते, सैल राहते, आणि कोणाचा पाय वायरीला लागला की क्षणभर संपर्क तुटतो. ध्वनिमुद्रणात तो क्षण पुरेसा असतो. जपानी उद्योगाने यावर एक शहाणपणाचा तोडगा काढला होता. त्यांच्या प्रमाणकात व्होल्टेजनुसार पिनेचा आकारच वेगळा ठेवलेला आहे आणि सगळ्या पिनांत आत धन आहे. ३.१५ व्होल्टपर्यंतच्या यंत्रांना २.३५ मिलिमीटरची बारीक पिन, त्यावर ६.३ व्होल्टपर्यंत बाहेरून ४ आणि आतून १.७ मिलिमीटरची पिन, त्याहून वर साडेदहा व्होल्टपर्यंत बाहेरून ४.७५ मिलिमीटरची पिन, अशी ती चढती मांडणी आहे. सगळ्यांनी ती पाळली असती तर चुकीचा अडॅप्टर भोकात शिरलाच नसता. पण सगळ्यांनी ती पाळलेली नाही, म्हणून पिनेवरून व्होल्टेजचा अंदाज बांधायचा नाही. पिनेसाठी रेकॉर्डर सोबत घेऊन दुकानात जा, आणि पिन घालून पाहताना अडॅप्टर भिंतीच्या बोर्डात लावलेला नसेल याची काळजी घ्या. दुकानातला पोरगा सवयीने आधी बोर्डाचे बटण दाबतो. त्याचा हात धरायला लाजू नका.

घरात आज १२ व्होल्टचे अडॅप्टर फार झाले आहेत, हेही लक्षात ठेवा. वायफायच्या राउटरचा, सेट टॉप बॉक्सचा, सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा, बहुतेक सगळे तेच, आणि पिनही बहुधा तीच ५.५ आणि २.१ची. अंधारात घाईने हाताला लागलेला काळा अडॅप्टर राउटरचा निघण्याची शक्यता रेकॉर्डरचा निघण्यापेक्षा जास्त असते. मी प्रत्येक अडॅप्टरच्या वायरीला पिनेपासून चार बोटांवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर यंत्राचे नाव आणि व्होल्ट लिहितो. ठोकळ्यावर लिहिलेले कार्यक्रमाच्या वेळी दिसत नाही, पिनेजवळचे दिसते.

लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा, पण मीटरने मोजून. साध्या डिजिटल मल्टिमीटरला फार पैसे पडत नाहीत, आणि जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी दुरुस्तीच्या टेबलावर तो असतोच. दुकानदाराला मागितला तर तो देतो. मीटरची कळ डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनेच्या भोकात आणि काळे टोक पिनेच्या बाहेरच्या धातूला लावा. दोन्ही टोके एकमेकांना चिकटू देऊ नका. भोक अरुंद असेल तर लाल टोकाला शिवणाची सुई जोडून ती आत घाला. आकडा नुसता आला तर आत धन आहे, आकड्याआधी उण्याची रेघ आली तर आत ऋण आहे. वर सांगितलेल्या आकृतीचा पडताळा असा अर्ध्या मिनिटात मिळतो.

मोजताना एक गोष्ट पाहून पुष्कळजण चक्रावतात. वजनाला जड असलेल्या, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या पद्धतीच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेले असते आणि मीटर मात्र १२ किंवा १३ दाखवतो. अडॅप्टर बिघडलेला नसतो. तो अनरेग्युलेटेड प्रकारचा असतो, म्हणजे त्याच्यावर पूर्ण भार पडला की व्होल्टेज उतरून ९ वर येते आणि भार नसताना ते चढलेले असते. भिंतीतले व्होल्टेज वरखाली झाले की त्याचेही होते. ज्या फीडरवर शेतीपंप चालतात तिथे थ्री फेज येताना आणि जाताना दिव्यांचा उजेड कसा बदलतो हे तुम्ही गावात पाहिलेच असेल. हा अडॅप्टर तो सगळा चढउतार यंत्रापर्यंत पोहोचवतो. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर ते सहन करत असे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या डिजिटल रेकॉर्डरने ते सहन करावे अशी अपेक्षा करू नये. तुम्हाला हवा तो रेग्युलेटेड, म्हणजे आजच्या भाषेत एसएमपीएस प्रकारचा हलका अडॅप्टर. भार नसतानाही त्याने ५ च्या अगदी आसपासच, फार तर सव्वापाचपर्यंत आकडा दाखवला पाहिजे.

बाजूच्या कळीने ३, ४.५, ६, ९, १२ व्होल्ट निवडता येतात आणि पिना बदलता येतात असा 'युनिव्हर्सल' अडॅप्टर मी रेकॉर्डरसाठी सुचवत नाही. याला माझे स्वतःचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी अमळनेर तालुक्यातल्या एका गावी वहीगायनाच्या, म्हणजे डफावरच्या लोकगायनाच्या, रात्री मी ६ व्होल्टवर चालणारा, आत ऋण असलेला एक चांगला कॅसेट रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. सेल संपत आले, म्हणून यजमानांच्या घरातला असाच एक अडॅप्टर घेतला. कळ ६ वर आहे हे मी टॉर्चच्या उजेडात दोनदा पाहिले. पिनेच्या मुळाशी धन-ऋण उलटसुलट करणारी दोन खाचांची जोडणी होती, ती पाहिली नाही. पिन घातली, बारीकसा 'टक्' आवाज झाला आणि तापलेल्या रेझिनचा तो ओळखीचा वास आला. नशिबाने त्या यंत्रात आतल्या बाजूला उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड होता. धन-ऋण उलटे येताच तो सगळा प्रवाह स्वतःवर घेतो आणि फ्यूज उडतो. दुसऱ्या दिवशी डायोड आणि फ्यूज बदलून यंत्र चालू झाले, खर्चही किरकोळ आला. ती रात्र मात्र गेली. डफाचा ठेका पहाटेपर्यंत चालू होता आणि मी हात बांधून नुसता ऐकत बसलो होतो. असा डायोड प्रत्येक यंत्रात असतोच असे नाही, आणि व्होल्टेज जास्त असेल तर तो डायोड काही कामाचाही नसतो.

इथपर्यंतचा भाग यंत्र जळू नये यासाठीचा झाला. पण ध्वनिमुद्रण करणाऱ्याला एवढ्याने भागत नाही. विजेच्या दृष्टीने शंभर टक्के जुळणारा अडॅप्टर आवाजाच्या दृष्टीने निकामी असू शकतो, आणि हे विकणाऱ्याला माहीत नसते, कारण त्याचे गिऱ्हाईक मोबाइल चार्ज करते, गाणी रेकॉर्ड करत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरमधून गाळण नीट झाली नाही तर १०० हर्ट्झची खर्जातली 'हम्म' रेकॉर्डिंगमध्ये येते. भिंतीतली वीज ५० हर्ट्झची असते आणि डीसी करताना हा आकडा दुप्पट होतो. स्वस्त एसएमपीएस अडॅप्टरची तऱ्हा वेगळी आहे. त्याच्यातून बारीक शिट्टी किंवा किडे किरकिरल्यासारखा आवाज येतो. शिवाय दोन पिनांच्या अडॅप्टरला अर्थिंग नसते आणि आतल्या एका लहान कपॅसिटरमधून भिंतीतल्या विजेचा अगदी सूक्ष्म अंश बाहेरच्या वायरीवर येत राहतो. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या अंगावर बोट फिरवले की जी झिणझिण जाणवते ती हीच. तिने माणसाला अपाय होत नाही, पण माइकची जाळी हातात धरल्यावर भुणभुण कमी होते आणि सोडल्यावर वाढते, असे झाले तर दोषी हा अडॅप्टरच समजावा.

याची परीक्षा कार्यक्रमाच्या आधी घरी करायची असते. रात्री जेवणे झाल्यावर पंखा आणि फ्रिज बंद करा, दाराखिडक्या लावा. ज्या पातळीवर गाणी रेकॉर्ड करणार आहात तीच पातळी ठेवा, तेच माइक लावा, आणि रेकॉर्डर उशीवर ठेवून सेलवर एक मिनिट काही न बोलता रेकॉर्ड करा. मग रेकॉर्डर जागचा न हलवता अडॅप्टर लावून आणखी एक मिनिट रेकॉर्ड करा. दोन्ही मिनिटे हेडफोनवर, आवाज बराच वाढवून, लागोपाठ ऐका. सेलवरच्या मिनिटात फक्त हलकी 'स्सss' अशी सरसर असेल, दूरचा कुत्रा असेल, तुमचाच श्वास असेल. दुसऱ्या मिनिटात यापेक्षा वेगळे जे काही ऐकू येईल ते सगळे अडॅप्टरने आणलेले आहे. तिथे काही ऐकू आले नाही तर तो अडॅप्टर जपून ठेवा, तो चांगला निघाला आहे. मंडपात इन्व्हर्टर असेल तर हीच परीक्षा इन्व्हर्टरवरही करावी, कारण स्वस्त इन्व्हर्टरची वीज गोलाईदार नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि भिंतीतल्या लाइनवर शांत असणारा अडॅप्टर तिच्यावर गुणगुणायला लागतो.

मंडपातल्या लाउडस्पीकरच्या मिक्सरमधून थेट वायर घेऊन आवाज रेकॉर्डरमध्ये घ्यायचा तुमचा विचार असेल तर अडॅप्टर लावूच नका असे मी स्पष्टच सांगतो. मिक्सर एका बोर्डावर, अडॅप्टर दुसऱ्या बोर्डावर आणि मध्ये आवाजाची वायर असे एक कडे तयार होते आणि त्या कड्यातून विजेची गुणगुण फिरत राहते. साउंडवाले यालाच 'ग्राउंड लूप' म्हणतात. रेकॉर्डर सेलवर असला की कडे तुटते आणि गुणगुण बहुधा जागच्या जागी थांबते. अडॅप्टर अगदीच टाळता येत नसेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे तारांचा थेट संपर्क तोडून फक्त आवाज पुढे नेणारा डबा, घालावा लागतो. तो साउंडवाल्याकडे असतो, मागावा. काहीजण थ्री पिनची अर्थिंगची पिन मोडून गुणगुण घालवतात. तसे करू नका आणि कोणी करत असेल तर त्याला करू देऊ नका. पावसाळ्यात, ओल्या मंडपात, धातूचा माइक तोंडाजवळ धरलेल्या बाईच्या जिवाशी तो खेळ आहे.

आता लाइट जाण्याविषयी, कारण श्रावणातल्या रात्री ती जाणारच असे धरून चालावे. अडॅप्टर लावला तरी रेकॉर्डरमध्ये चांगले सेल घालूनच ठेवा. आजच्या बहुतेक रेकॉर्डरमध्ये बाहेरची वीज थांबली की यंत्र आपोआप सेलवर जाते, पण ते खरोखर जाते का हे घरी एखादे बिनमहत्त्वाचे रेकॉर्डिंग चालू ठेवून, भिंतीचे बटण बंद करून पाहा. जुन्या कॅसेट रेकॉर्डरमध्ये मात्र एक सापळा असतो. त्यांच्या डीसी छिद्रातच एक पत्री असते. पिन आत गेली की ती पत्री बाजूला सरते आणि सेलचा संपर्क तुटतो. मग पिन आत असताना लाइट गेली तर पोटात नवेकोरे सेल असूनही यंत्र थांबते आणि पिन बाहेर काढल्याशिवाय चालू होत नाही. डिजिटल रेकॉर्डर असा अचानक बंद पडला तर चालू असलेली फाइल नीट मिटली जात नाही आणि कधीकधी ती उघडतच नाही. म्हणून रात्रभराच्या कामात दर गाण्यांच्या फेरीनंतर, बायका चहाला थांबल्या की, रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करण्याची सवय ठेवावी. गेली तर एक फेरी जाईल, रात्र जाणार नाही.

यातच एक गैरसमज सांगून टाकतो. अडॅप्टर लावल्याने एच४एनमधले पेन्सिल सेल चार्ज होत नाहीत. रिचार्जेबल सेल बाहेर काढून त्यांच्या स्वतंत्र चार्जरमध्येच चार्ज करावे लागतात, आणि असे सेल घातल्यावर यंत्राच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार बदलावा लागतो, नाहीतर बॅटरीचे चित्र खोटे बोलते, कारण हा सेल १.२ व्होल्टचा असतो आणि अल्कलाइन दीडचा. एच४एन दोन सेलवर नेहमीच्या वापरात सुमारे ६ तास चालतो असे कंपनी सांगते आणि 'स्टॅमिना' कळ चालू ठेवली तर सुमारे ११ तास. पण त्या स्थितीत यंत्राच्या काही सोयी बंद राहतात. रेकॉर्डरच्या स्वतःच्या माइकवर काम भागणार असेल तर सेलच्या दोन जोड्यांत तुमची रात्र निघून जाते आणि अडॅप्टरची गरजच उरत नाही. मी स्वतः असाच विचार आधी करतो. अडॅप्टर हा घरी बसून फाइली ऐकण्यासाठी आणि उतरवून घेण्यासाठी चांगला. मंडपात तो दुय्यम.

सेलपेक्षा स्वस्त आणि लाइटपेक्षा खात्रीचा मार्ग हवा असेल तर पॉवर बँक वापरा. ती ५ व्होल्ट देते, तिच्यामागे भिंत नसल्याने गुणगुणही बहुधा येत नाही, आणि १०,००० मिलिॲम्पिअर-तासांची एक पॉवर बँक एच४एनला रात्रभर पुरून उरते. त्यासाठी एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला तुमच्या रेकॉर्डरची गोल पिन असलेली साधी वायर लागते. घेताना डोळ्यांत तेल घालून घ्या, कारण लाइट गेल्यावर राउटर चालवण्यासाठी मिळणारी वायर दिसायला हुबेहूब अशीच असते, पण तिच्या मध्यभागी किंवा पिनेच्या मुठीत ५चे ९ किंवा १२ व्होल्ट करणारी लहानशी सर्किट दडवलेली असते. इथेही मीटर लावून पिनेवर ५च येतात हे पाहा, मगच ती यंत्राजवळ न्या. फार कमी प्रवाह घेणारा छोटा रेकॉर्डर असेल तर पॉवर बँकेला 'फोन भरला' असे वाटून ती काही वेळाने स्वतःच बंद होते. तेव्हा कमी प्रवाहासाठी वेगळी सोय असलेली पॉवर बँक घ्यावी लागते. वायर लांब आणि बारीक असेल तर वाटेतच अर्धा व्होल्ट गळतो, म्हणून ती हातभरच असावी.

मोबाइलचा चार्जर चालेल का, असेही तुम्ही विचारले आहे. जलद चार्जिंगचा चार्जरसुद्धा सुरुवातीला ५ व्होल्टच देतो आणि समोरच्या फोनने मागणी केली तरच वर चढतो. साध्या दोन तारांच्या वायरीला अशी मागणी करता येत नाही, त्यामुळे यंत्राला धोका नाही. पण वरची उशीवरची परीक्षा त्यालाही द्यायला लावा, कारण फोनला किरकिर ऐकू येत नाही आणि म्हणून ती गाळण्यावर कोणी फारसा खर्च केलेला नसतो. तुमच्या एखाद्या सहकाऱ्याकडे झूमचे एच१, एच२एन, एच५ किंवा एच६ असतील, नाहीतर टॅस्कॅमचे डीआर-०५ किंवा डीआर-४० असतील, तर त्यांचे काम सोपे आहे; ते यूएसबीच्या छिद्रातून ५ व्होल्टवर चालतात. तिथे बघायचे ते एवढेच की छिद्र मिनी आहे, मायक्रो आहे की सी. टाइप सीच्या काही यंत्रांना दोन्हीकडे सी असलेल्या वायरीवर वीज मिळत नाही. तेव्हा एका टोकाला जुने चौकोनी यूएसबी असलेली वायर लावून पाहावी.

खरेदी करताना अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि त्याखाली 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहा. तो 'बीआयएस केअर' या ॲपवर टाकून खरा की खोटा ते तिथल्या तिथे तपासता येते. बारीक अक्षरांत बहुतेक अडॅप्टरांवर ४० अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असेही असते. श्रावणात त्याची काळजी नाही, पण हेच यंत्र तुम्ही वैशाखात लग्नाच्या मांडवात नेलेत तर जळगाव-भुसावळकडचा पारा त्या मर्यादेच्या पुष्कळ वर असतो, तेव्हा अडॅप्टर पत्र्याखाली किंवा गादीखाली दाबून ठेवू नये.

तुमच्यापुरते सांगायचे तर ५ व्होल्ट, २ ॲम्पिअर, आत धन, रेग्युलेटेड असा अडॅप्टर घ्या, पण कानबाईच्या रात्री तो घरीच ठेवा. मंडपात पॉवर बँक आणि साधी वायर न्या, यंत्रात दोन नवे सेल आणि खिशात आणखी चार ठेवा. स्थापना नागपंचमीनंतरच्या रविवारी असते, म्हणजे त्याच्या आधीच्या रविवारी हीच सगळी मांडणी घरी लावून रात्रभर रेकॉर्डिंग चालू ठेवून पाहायला तुम्हाला वेळ आहे. ९ व्होल्टचा अडॅप्टर दुकानदाराला परत करा. त्याने घेतला नाही तर फेकू नका. गिटारच्या बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट आणि आत ऋण असाच अडॅप्टर लागतो, त्यामुळे एखाद्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे तो खपेल. तोपर्यंत त्याच्या पिनेजवळ चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत लिहून ठेवा: 'एच४एनला नाही'.